मामा, तुमची सिहोरावाली

मामा,

तुम्ही गेल्यावर तुमच्या घरात एक चमत्कार झाला. तुम्ही असतात तर त्या चमत्काराची आणि तो पाहायला येणाऱ्या आम्हा सगळ्यांची चांगली हजेरी घेतली असतीत.

झालं असं, की तुम्हाला निरोप देऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी संजूदादाने तुमच्या हातमशीनवरचं कापड काढलं. पुण्याहून धावत आलेला तुमचा मुलगा. त्याला तुमचं काहीतरी हातात धरायचं होतं. सुईखाली तुमची अर्धी शिवलेली गोधडी जशीच्या तशी होती. त्याने दांडा फिरवून पाहिला, तर दांडा हलेना. चाक धरून जोर लावला, तर चाकही हलेना. दवाखान्यात जायच्या आधी सकाळी तुम्ही जिच्यावर बसला होतात, ती मशीन दगडासारखी घट्ट झाली होती.

शेजारच्या पटेल चाची तिथेच होत्या. त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "देखो बेटा, भैया गए तो मशीन भी रुक गई."

बस, एवढंच पुरलं. संध्याकाळपर्यंत आपल्या अर्ध्या गढा मोहल्ल्याला कळलं. भेटायला येणारे आधी मामीजवळ बसायचे, मग हळूच तुमच्या खोलीत जायचे, चाकाला बोट लावायचे आणि हात जोडून बाहेर यायचे. कुणीतरी मशीनपुढे झेंडूचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी उदबत्ती आली. मामा, तुमच्या मशीनपुढे उदबत्ती! परीक्षेच्या दिवशी मांजर आडवी गेली म्हणून मी दारात थबकले होते, तेव्हा तुम्ही आतून ओरडला होतात, "मांजर तिच्या कामाले जाऊन राहिली, तू तुझ्या कामाले जाय!" त्या माणसाच्या खोलीत आता उदबत्तीचा धूर होता.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर सगळे मला म्हणाले, "गुड्डी, तू शिकलेली आहे, तू बोल." मी उभी राहिले. तुमची नोकरी, तुमची निवृत्ती, तुमचा प्रामाणिकपणा, असं काहीबाही बोलले. लोकांना बरं वाटलं. मला वाटलं, मी दुसऱ्याच कुणाबद्दल तरी बोलत होते. म्हणून आता तुमच्याशीच बोलते आहे. आजारपणाचं काही लिहीत नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तुम्ही मला आठवता ते बसमध्ये. बारावीचा निकाल लागल्यावर तुम्ही मला न्यायला सिहोऱ्याला आला होतात. बाबा मंडीत पोती उचलायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, आणि मुलीला शहरात ठेवायचं म्हणजे काय, हे बाबांना समजत नव्हतं. तुम्ही दारात उभ्या उभ्या म्हणालात, "समजायचं काय आहे त्यात? माझ्याकडे राहील." चहासुद्धा धड प्यायला नाहीत. घाई होती, कारण बसस्टँडजवळच्या भंगारवाल्याकडे तुम्हाला एक काळी हातमशीन दिसली होती आणि ती दुसऱ्या कुणी उचलायच्या आत तुम्हाला हवी होती.

जबलपूरपर्यंत ती मशीन तुमच्या मांडीवर होती. माझी पेटी बसच्या टपावर धुळीत. आयुष्यात पहिल्यांदा घर सोडून निघाले होते. डोळे भरलेले होते आणि तुम्ही मला सांगत होतात, "हे पाह्य, हिच्या अंगावरची सोनेरी वेल अजून मिटली नाही. शंभर वर्षांची म्हातारी असल, पण नखरा पाह्य." मला तुमचा भयंकर राग आला होता. भाची रडून राहिली आणि मामाला भंगाराचं कौतुक! सिहोऱ्याहून आली म्हणून तुम्ही तिला 'सिहोरावाली' म्हणायला लागलात. मीही सिहोरावालीच. घरात तुम्ही नुसतं "सिहोरावाली कुठं आहे?" विचारलं की मामी म्हणायची, "कोणती? तेल पिणारी की चहा पिणारी?"

तुमच्याकडे आणखी दोन मशीन होत्या. एक पायाची, मामीच्या माहेरून आलेली, जिच्यावर मामी कधी बसली नाही. दुसरी फक्त सुटे भाग काढायला. पण जीव होता तो सिहोरावालीवर. तिला तुम्ही आठवडाभर उघडून, पुसून, रॉकेलमध्ये बुडवून चालू केलीत. जिच्यावर एखाद्या बाईने कधीकाळी झबली शिवली असतील, तिच्यावर तुम्ही गोधडी शिवायला घेतलीत. जुनी धोतरं, मामीची विटलेली लुगडी, फॅक्टरीचे खाकी शर्ट, असे थरावर थर. मशीनच्या कमानीत ती गोधडी मावायची नाही. तुम्ही ती वळकटी करून आत कोंबायचात, आणि कापड ओढायला दोन्ही हात लागायचे. मग दांडा कोण फिरवणार?

दांडा मी फिरवायचे. उजव्या हाताने दांडा आणि डाव्या हातात पुस्तक. माझी पदवी अशी झाली, मामा. कॉलेजात कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. तुम्ही म्हणायचात, "मोठ्यानं वाच, मलेही समजू दे." मी राज्यशास्त्र वाचायचे, इतिहास वाचायचे. मध्येच एखादा मुद्दा आठवला नाही की माझा हात अडखळायचा, कापडाला हिसका बसायचा आणि टाक्यांची ओळ वाकडी जायची. तुम्ही लगेच, "हं, इथं तुले येत नाही. पुन्हा वाच." नंतर नंतर तर मामीने वाकडी ओळ दाखवली की तुम्ही सरळ माझ्यावर ढकलायला लागलात. "माझी चूक नाही. गुड्डीची राज्यघटना कच्ची आहे."

"आणि ही?" मामी दुसऱ्या टोकाकडची ओळ दाखवायची. "गुड्डी त तवा सिहोऱ्याले गेली होती."

"तवा हवा होती," तुम्ही म्हणायचात.

खरं सांगायचं तर मामा, तुमच्या गोधड्या वाकड्याच असायच्या. आता लिहायला हरकत नाही. एका बाजूला कापड जास्त, एका बाजूला कमी. धागा संपला की हाताला लागेल त्या रंगाचा. हिरव्यावर लाल, खाकीवर पिवळा. वजन इतकं, की एकदा अंगावर घेतली की कूस बदलायला दम लागायचा. तरी आपल्या नात्यात असं एक घर नाही जिथे तुमची गोधडी नाही. लग्न असो, बारसं असो, कुणाची बदली असो, तुम्ही वळकटी खांद्यावर टाकून हजर. घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय आहे, ते तुम्ही कधी पाहिलंच नाही. तुम्ही गोधडी देऊन मोकळे, आणि परतताना दुसरीचं बोलायला लागायचात.

आणि मामीचं आणि तुमचं ते कायमचं भांडण. मामीच्या मते मशीनची गोधडी ही गोधडीच नाही. "हातच्या टाक्याले माया असते. हे मशीनचं पाठीले टोचते." तुम्ही म्हणायचात, "माया आहे तुझ्या टाक्यात, पण तुझी गोधडी व्हायले दोन हिवाळे लागतात. तवरिक माणसानं कुडकुडावं काय?" शेवटी तुमच्यात तह झाला होता. आतलं सगळं तुमच्या मशीनचं, चारी बाजूंचा काठ मामीच्या हातचा. मामीचा काठ आखल्यासारखा सरळ आणि आत तुमच्या ओळी मनाला येईल तिकडे जाणाऱ्या. मी लहानपणापासून खूप नवरा-बायको पाहिले. इतका चांगला तह कुठे पाहिला नाही.

आपला तह मात्र झाला नाही, मामा.

नोकरी लागल्यावर मी तुमच्यासाठी विजेची शिलाई मशीन आणली होती. आठवतं? पांढरी, हलकी, कापड आपोआप ओढणारी. बटण फिरवलं की फुलं काढायची. माझ्या मनात होतं, की तुमची पाठ दुखते, दांडा फिरवायला आता मी नसते, तर सोय होईल. आणि खरं म्हणजे माझ्या मनात याहून जास्त होतं. ज्या घराने मला पदवीधर केलं त्या घरासाठी काहीतरी करायचं होतं. मी पाया पडले आणि म्हणाले, "मामा, तुमच्यामुळे..." तुम्ही मला वाक्य पुरं करू दिलं नाहीत. "उठ उठ. दांडा धर, ही ओळ अर्धी राहिली आहे." मी नवे कपडे घातलेले, हातात पेढ्यांचा डबा, आणि तशीच बसून दांडा फिरवला.

ती पांढरी मशीन तुम्ही एकदा चालवली. "छान आहे," म्हणालात. मग खोक्यात ठेवलीत. तिचं प्लास्टिकचं कव्हर तेवढं सिहोरावालीवर घातलंत, तेही फाटेपर्यंत. मला वाईट वाटलं होतं. मी भांडलेही. "काहून वापरत नाही तुम्ही? एवढ्या मनापासून आणली!"

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "गुड्डी, ते काम करते. चांगलं काम करते. पण मले काम नाही करायचं. फॅक्टरीत जलमभर काम केलं. सूतभर इकडचं तिकडं झालं की माल वापस, वरून साहेबाचं बोलणं. आता घरी बसून मी वाकडं शिवतो. कोणी वापस करत नाही. तुले नाही समजत त्यातली मजा."

मला खरंच समजली नाही. मी सरळ रेघेत चालूनच इथवर पोहोचले होते. आमच्यासारख्या घरातून आलेल्या मुलीला चुकायची सवलत नव्हती. एक वर्ष वाया गेलं असतं तर बाबांनी परत बोलावलं असतं. तर मजा म्हणून काही करायचं, ज्याचा कुणाला उपयोग झाला तर झाला, नाही तर नाही, हे मला उधळपट्टीसारखं वाटायचं. माझ्या ऑफिसातल्या बाईंनी तुमची गोधडी पाहून विचारलं होतं, की प्रदर्शनात ठेवाल का. मी केवढी खूश होऊन तुम्हाला सांगायला आले. तुम्ही म्हणालात, "प्रदर्शनात ठेवली की लोक मोजतील. मग मले सरळ शिवावं लागल." आणि विषय संपला. माझ्यासाठी नाही संपला. दर भेटीत मी तो पुन्हा काढायचे, दर भेटीत तुम्ही "चलो, दांडा धर" म्हणायचात. आता तो वाद माझ्या एकटीकडे आहे. एका बाजूने भांडता येत नाही, हे तुम्ही गेल्यावर कळलं.

असो. चमत्काराकडे येते.

पुण्यानुमोदनानंतर पाहुणे गेले. घरात मामी, संजूदादा आणि मी उरलो. दादाने ठरवलं होतं, की मामीला काही महिने पुण्याला न्यायचं. सिहोरावालीही न्यायची. तो म्हणाला, "आई, ही आहे तशीच ठेवू. सुईखाली गोधडी आहे तशीच. काचेची पेटी करून घेतो, वर बाबांचा फोटो." मामीने मान हलवली. मामी त्या दिवसांत एकदाही रडली नव्हती. तुम्हाला नेलं तेव्हासुद्धा नाही. येणाऱ्या प्रत्येकाला ती मशीनची गोष्ट सांगायची. शांत आवाजात, थोड्या अभिमानाने. "माणूस गेला हे तिनं ओळखलं. माझ्या आधी तिनं ओळखलं." आणि समोरची बाई डोळे पुसायची. मामी नाही.

त्या दिवशी सकाळी मी तुमच्या खोलीत झाडायला गेले. उदबत्तीची राख मशीनवर पडली होती. ती पुसायला वाकले आणि मला मामीच्या केसांचा वास आला. मागे वळून पाहिलं. मामी नव्हती. पुन्हा वाकले. वास मशीनचाच होता. मग मी तेल सोडायच्या भोकाजवळ डोळा नेला. भोक पांढरं होतं. आत मेण भरल्यासारखं. नखाने टोकरलं तर नखावर आलं, आणि बोटाच्या उबेने विरघळलं.

खोबरेल तेल, मामा. या थंडीत आपल्याकडे न्हाणीघरातली बाटली कशी गोठून बसते, ते काय तुम्हाला सांगायचं? मामी रोज सकाळी ती चुलीजवळ ठेवते. ते तेल तुमच्या सिहोरावालीच्या प्रत्येक भोकात, प्रत्येक सांध्यात भरून घट्ट झालं होतं.

मला हसू आलं. अगदी मोठ्याने येणार होतं, तोंड दाबलं. तुम्ही असतात तर आपण दोघं जमिनीवर बसून हसलो असतो आणि तुम्ही मामीला ओरडून विचारलं असतंत, "अवं, मशीनले वेणी-फणी काहून केली?" पण हसू ओठांवर आलं तिथेच थांबलं. कारण हे मामीनेच केलं होतं, आणि तिला याची कल्पना नव्हती.

मी खूप वेळ झाडू घेऊन तिथेच बसले. न सांगणं सोपं होतं. काचेची पेटी झाली असती, फोटो लागला असता, मामी आल्या-गेल्याला गोष्ट सांगत राहिली असती. तिला त्या गोष्टीचा आधार होता. तो मी काढून घेऊ? कशासाठी, खरं आहे म्हणून? दुसरीकडे तुम्ही होतात. बंद मशीनपुढे हात जोडणारे लोक तुम्हाला चालले असते? ज्या माणसाने भंगारातून उचलून जिला चालती केली, तिला आम्ही काचेत बंद करून ठेवणार, आणि तेही तुमच्याच नावाने? तुमचं मन राखायचं तर मामीचं मोडत होतं. मामीचं राखायचं तर तुमच्याशी खोटं वागत होते. शिक्षणाने असल्या वेळेला काय करायचं ते शिकवलं नाही.

शेवटी मी मामीला अंगणात बोलावलं. ती उन्हात तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "मामी, तू मशीनमध्ये तेल टाकलं होतं काय?"

"टाकलं ना," ती लगेच म्हणाली. "त्यायनंच सांगितलं होतं. दवाखान्यात. म्हणे, माझ्या सिहोरावालीले तेल देत जाय, थंडीत जाम होते. मी घरी येऊन पाह्यलं तर त्यायच्या कुपीत थेंब नाही. मग माझ्यातलं दिलं. रोज दिलं. कमी नको पडाले म्हणून भरपूर दिलं."

मामा, तुम्ही तिला शेवटचं काम सांगितलं होतं आणि तिने ते मन लावून केलं होतं. मी मान खाली घालून सुपातले तांदूळ चिवडले. पण तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं. आता न सांगणंही सांगण्यासारखंच झालं असतं.

मी सांगितलं. तेल गोठलं आहे. मशीन खराब नाही. उन्हात ठेवली आणि रॉकेल सोडलं तर चालेल.

मामीने सूप बाजूला ठेवलं. "म्हणजे मी थांबवली?"

"तसं नाही, मामी..."

"तसंच आहे. लोकायले मी काय सांगून राहिली इतके दिवस? येडी ठरली मी." मग तिचा आवाज चढला. "तुले काय पडली होती नाक खुपसायची? तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव. माझ्या नवऱ्याची मशीन आहे. चालली त चालली, नाही त नाही."

ती आत निघून गेली. तुमच्या घरात राहून मी इतकी वर्षं काढली, मामा. मामी माझ्यावर रागावली असेल शंभर वेळा, पण तिने मला परकं असं कधी केलं नव्हतं. मी तांदळाचं सूप मांडीवर घेतलं आणि खडे शोधत बसले. डोळ्यांपुढे सगळं धूसर होतं, खडे काय दिसणार!

बऱ्याच वेळाने आतून पावलं वाजली. मामीने माझ्याजवळ तुमची हत्यारांची पिशवी ठेवली. तिच्यातून एक जुनी शिशी काढली, बुचाला चिंधी बांधलेली.

"रॉकेल आहे यात. जास्त नको टाकू, कापडाले वास लागल." आणि जाता जाता, माझ्याकडे न बघता, "बंद मशीन त्यायले पाहवत नव्हती. मी काय समजत नाही काय?"

दादाने आणि मी सिहोरावालीला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं. दोन बाया गर्भारणीला धरून आणतात तसं. मदन महलच्या टेकडीकडून चांगलं ऊन आलं होतं. मी एकेका भोकात थेंब थेंब रॉकेल सोडलं. हळूहळू ते पांढरं पाझरायला लागलं, काळ्या अंगावरून ओघळ आले, मी चिंधीने टिपत राहिले. दादा म्हणाला, "गुड्डी, मला बाबांनी हे कधी शिकवलं नाही." मी म्हणाले, "मलाही नाही शिकवलं. मी नुसती बघायची." दादा काही वेळाने फोनवर बोलायला गच्चीवर गेला. काचेच्या पेटीवाल्याला नको म्हणून सांगायला गेला होता, हे मला नंतर कळलं.

दुपारी चाक जरासं हललं. मग आणखी. मग एक पुरा फेरा. मी दांडा धरला आणि थांबले. पुढे शिवू का, की सुई वर काढून गोधडी तशीच ठेवू? तुमचा शेवटचा टाका तिथे होता, खाकी कापडावर, पिवळ्या धाग्याचा. त्याच्यानंतरचा टाका माझा असणार होता. तो सरळ येणार नाही, हे मला माहीत होतं. कापड ओढायला दुसरा माणूस नव्हता. मी उजव्या हाताने दांडा धरला, डाव्या हाताने जमेल तशी गोधडी धरली आणि फिरवायला सुरुवात केली.

ओळ पहिल्यापासूनच घसरली. मी ती उसवली नाही. घसरू दिली. तुमच्या खाकी शर्टावरून ती मामीच्या हिरव्या लुगड्यावर गेली, तिथून उगीचच वळली. ऊन पाठीवर होतं. मशीन खटखट करत होती, आधी जड, मग मोकळी. मामा, मला मजा येत होती. तुम्ही जाऊन महिनाही झाला नाही आणि मी तुमच्या अंगणात बसून मजेत होते. त्या गोधडीचा काही उपयोग होता की नाही, कुणाला द्यायची आहे, हे मनातही आलं नाही. एवढ्या वर्षांचा तो वाद तुम्ही बहुधा जिंकलात. पण मी अजून पुरती कबूल नाही, हेही लिहून ठेवते. त्या विजेच्या मशीनवर एक तरी ओळ माझ्यासाठी शिवायला हवी होती तुम्ही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला. रोजचा, कामातला, जरा वैतागलेला आवाज.

"आयकलं का? चाय मांडू काय?"

ती हाक माझ्यासाठी नव्हती. मामीने मला आयुष्यात कधी "आयकलं का" म्हणून हाक मारलेली नाही. मशीन वाजत होती आणि दुपार होती, एवढंच तिच्या जिभेला समजलं होतं.

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. माझा हात फिरत होता. थांबवला तर काय होईल, चालू ठेवला तर काय होईल, काही सुचत नव्हतं. मामी दारात आली. ओला हात पदराला पुसत तिने मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा मशीनकडे. तशीच उंबरठ्यावर बसली आणि रडायला लागली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. एवढ्या दिवसांचं सगळं एकदम.

मी दांडा सोडून उठायला गेले. तिने पदर तोंडावरून न काढताच हात वर केला.

"नको उठू," ती म्हणाली. "फिरव तू. फिरवत राय."